ओलिताच्या दिवसांतलं इंजिन

जानेवारीत आमच्या बोरगावच्या बगीच्यात बाहेरचा कोणी आला की हमखास विचारतो, झाडं वाळून राहिली, पाणी काहून नाही देत? संत्र्याची पानं तेव्हा माना टाकतात, पिवळी पडतात, बुंध्याशी त्यांचा थर साचतो. पाहणाऱ्याला वाटतं, या बाईचं लक्ष नाही. मी सांगते, ताण दिला आहे. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, झाड मेटाकुटीला आणायचं, मग बुंध्याभोवती खोदून शेणखत घालायचं आणि ओलित, म्हणजे पाणी देणं, सुरू करायचं. तीन आठवड्यांत कळ्या सुटतात. पाणी तोडलंच नाही तर नुसता पाला वाढतो. आंबिया बहार धरायची ही आमच्याकडची पद्धत आहे. त्यात गूढ काही नाही.

गेल्या सोमवारी मी ओलित सुरू केलं. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. आजूबाजूच्या बगीच्यांतही मोटरी सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी सौंसरच्या घरी परतले, कणीक मळायला घेतली आणि मान आपोआप वर गेली. छताच्या बल्बकडे. नवऱ्यानं विचारलं, काय पाहून राहिली? मी म्हटलं, काही नाही. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, तरी दर ओलिताला तो हेच विचारतो आणि मी हेच सांगते.

बल्ब पाहणं हे माझ्या लहानपणी एक काम होतं. पाणी भरणं, दळण आणणं, तसं.

आमचं माहेरचं घर पांढुर्ण्याच्या टोकाला होतं. आमच्या मागच्या भिंतीपासून बगीचे सुरू व्हायचे. घराची वीज आणि बगीच्यांची वीज एकाच तारेवरून यायची. ओलिताच्या दिवसांत सगळ्या विहिरींवरचे पंप सुरू असले की घरात दीडशे व्होल्टही मिळायचे नाहीत. शंभराचा बल्ब कंदिलासारखा लाल दिसायचा, ट्यूबलाइट नुसती डोळे मिचकवायची. मग साडेसातच्या सुमाराला शेतीची लाइन, म्हणजे पंपांचा थ्री-फेज पुरवठा, बंद व्हायची, पंप थांबायचे आणि दोन-तीन झटक्यांत व्होल्टेज वर उसळायचं. बल्ब लालाचा पिवळा, पिवळ्याचा पांढराफटक. त्या मधल्या चार-पाच सेकंदांत रेडिओ बंद करायचा असायचा, नाही तर गेला. गल्लीत एकच ओरड व्हायची, “लाइट वाढला!” आणि प्रत्येक घरातून बटणांचे खटखट आवाज यायचे. पांढुर्ण्याच्या माणसाला कमी लाइटची भीती नव्हती. कमी लाइटनं काही जळत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. भीती वाढण्याची होती. आमच्या घरी या कामावर मी होते, कारण मी एका जागी बसून एका गोष्टीकडे पाहू शकत होते. दादाला ते कधीच जमलं नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मनोहर. बाबूजी रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. पांढुर्णा ते तिगाव हा त्यांचा टापू. सिग्नलचे खांब चढायचे, तारा तपासायच्या, दिवे पाहायचे, बिघाड झाला की रजिस्टरमध्ये लिहायचं: काय बिघडलं, किती वाजता, कारण काय, देखरेखीवर कोण, दुरुस्ती कशी केली. ते रजिस्टर त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की घरातला पाटा फुटला तरी ते आईला विचारायचे, किती वाजता?

दादा सात वर्षांचा असताना बदली होऊन चाललेल्या एका अधिकाऱ्यानं सामान आवरता आवरता बाबूजींना एक खोका दिला. त्यात विलायती खेळण्यातले रूळ होते, एक हिरवं इंजिन आणि दोन डबे. बाबूजींनी संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या जोडून मोठा पाट केला, त्यावर रूळ ठोकले, कापडाला चिकट माती फासून बोगदा केला आणि पत्र्यावर सुबक अक्षरांत दोन पाट्या रंगवल्या: पांढुर्णा आणि तिगाव. वीज पुरवायला ट्रान्सफॉर्मर त्यांनी स्वतः गुंडाळला. घरात रेल्वेचा एक स्क्रूसुद्धा आणला नाही, सगळं सामान नागपूरच्या भंगार बाजारातलं. त्या ट्रान्सफॉर्मरला तीन खटके होते. व्होल्टेज बरं असेल तर पहिला, कमी असेल तर दुसरा, ओलिताच्या दिवसांत तिसरा. तिसऱ्यावर तो लाइनची कमी वीज वर उचलून द्यायचा. एक काळी घुंडी होती, ती फिरवली की रुळांतली वीज वाढायची, वीज वाढली की इंजिनाचा वेग वाढायचा. एवढं साधं.

बाप-लेकाचं बोलणं त्या पाटावरच व्हायचं. बाकी विषयांवर ते एकमेकांशी पाहुण्यांसारखे वागायचे. दादा इंजिनियर झाला, मग कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं, मग तो तिथेच राहिला. पत्रं यायची. त्यात आईसाठी प्रकृती, माझ्यासाठी अभ्यास आणि बाबूजींसाठी इंजिनं. बाबूजी त्यांच्यापुरता भाग दोनदा वाचायचे.

मी सांगते आहे तो हिवाळा ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटचा. मी बावीस वर्षांची होते. सौंसरच्या शाळेत नुकतीच लागले होते. आठवडाभर मावशीकडे राहायचं, शनिवारी बसनं पांढुर्ण्याला, सोमवारी पहाटेच्या बसनं परत. त्या डिसेंबरात खांब चढताना बाबूजींना दम लागायला लागला. मी त्यांना पॅसेंजरनं नागपूरला नेलं. तपासणी झाल्यावर ते बाहेर बाकावर चपला घालत बसले होते आणि डॉक्टरांनी मला आत बोलावलं. हृदय वाढलं आहे, म्हणाले. जपलं तर काही वर्षं, नाही जपलं तर सांगता येत नाही. घरात मोठं कोण आहे? मी म्हटलं, भाऊ आहे, परदेशात. त्याला बोलावून घ्या एकदा, ते म्हणाले.

परतीच्या गाडीत बाबूजींनी खिडकीबाहेर पाहतच विचारलं, “काय म्हणे डॉक्टर?”

मी सांगितलं. त्यांच्याशी खोटं बोलता यायचं नाही.

“मनोहरले लिहू नको,” ते म्हणाले. “तो फाल्गुनात येऊनच राहिला आहे. उगाच पोराच्या जिवाले घोर.”

ते खरं होतं. दादानं फाल्गुनात येतो असं कळवलं होतं. मलाही तेच सोयीचं वाटलं. दोन-अडीच महिन्यांचा प्रश्न होता.

जानेवारीत, ताण संपून ओलित सुरू झालं त्याच आठवड्यात, दादाच्या हाताखालचा एक नागपूरचा मुलगा सुट्टीवर आला आणि त्याच्याबरोबर एक खोका आला. आत स्पंजाच्या खाचेत लाल इंजिन होतं. आमच्या जुन्या रुळांवर बरोबर बसणारं. माझ्या वितीएवढं, पण चाकाच्या आऱ्यासुद्धा खऱ्या. बरोबर पत्र. ते पत्र मला जवळजवळ पाठ आहे, कारण बाबूजींनी ते माझ्याकडून चारदा वाचून घेतलं.

दादानं लिहिलं होतं की हे इंजिन डिजिटल आहे. याच्या पोटात एक छोटी पट्टी आहे. नव्या पद्धतीत रुळांत वीज कायम सारखीच असते आणि त्या विजेतूनच हुकूम जातो: चाल, थांब, मागे ये, दिवा लाव. पट्टी तो हुकूम वाचते. हुकूम देणारा बॉक्स महागडा आणि नाजूक आहे, तो मी येताना स्वतः घेऊन येतो. पण तुम्हाला तोवर राहवणार नाही हे मला माहीत आहे. तर आपल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरवरही हे चालेल. फक्त लगेच चालणार नाही. घुंडी फिरवली तरी आधी ते नुसतं उभं राहील. पट्टीला जागं व्हायलाच सहा-सात व्होल्ट लागतात. जागी झाली की ती हुकूम शोधते. हुकूम नाही असं कळलं की मग साधी वीज आहे असं धरून चालते. घाबरू नका, वाट पाहा. आणि सोळा व्होल्टांच्या वर जाऊ देऊ नका, पट्टी जळेल.

“म्हणजे मांडवातल्या जावयावानी आहे हे,” आई म्हणाली. “दहादा उठा म्हणा, तवा ताटावर येते.”

बाबूजी हसले नाहीत. ते म्हणाले, “हे चाललं की त्याले लिहितो. चाललं म्हणून लिहिलं की त्याले बरं वाटन.”

मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं, की त्यांना दादाला काही तरी लिहायचं होतं आणि इंजिनाशिवाय त्यांना लिहिता येत नव्हतं.

दोन रविवार गेले. पहिल्या खटक्यावर इंजिन ढिम्म. दुसऱ्यावर ढिम्म. तिसऱ्याला हात लावायला बाबूजी धजत नव्हते, त्यावर असताना लाइट वाढला तर सोळाच्या वर जाईल. हिरवं जुनं इंजिन बिचारं लाल बल्बाच्या उजेडातही रडतखडत फिरायचं, हे विलायती मात्र उभं. बाबूजी मीटर लावून पाहायचे, पाच व्होल्ट, साडेपाच. पट्टी झोपलेलीच. आई येता-जाता म्हणायची, “उठला का जावई?” शेजारचे मास्तर पाहायला आले, तर त्यांना वाटलं खराब माल पाठवला. बाबूजींना ते लागलं. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

साडेसातनंतर, पंप बंद झाल्यावर, व्होल्टेज भरपूर असायचं. तेव्हा का नाही चालवलं असं आज कोणीही विचारेल. आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. वाढलेल्या लाइटवर परदेशातली नाजूक वस्तू लावायची हे पांढुर्ण्यात कोणाच्या डोक्यात आलंच नसतं. कमी लाइट सुरक्षित. म्हणून बाबूजींनी ठरवलं की पंप सुरू असतानाच, तिसऱ्या खटक्यावर चालवायचं. आणि पंप बंद व्हायच्या बरंच आधी थांबवायचं.

ओलिताचा तिसरा रविवार. साडेसहा वाजले असतील. मागच्या बगीच्यातून पंपाचा एकसुरी आवाज येत होता. झाडांना कळ्या सुटल्या होत्या, वास अजून नव्हता, पण येणार हे कळत होतं. बल्ब लाल. बाबूजी पाटाजवळ वेताच्या मोड्यावर बसले. मला त्यांनी बटणाच्या बोर्डाखाली उभं केलं.

“सुमन, तू फक्त बल्ब पाहा. इंजिन मी पाहतो.”

मी म्हटलं, हाव.

त्यांनी तिसरा खटका लावला, घुंडी फिरवली. मीटरवरचा आकडा ते पुटपुटत होते. पाच. साडेपाच. सहा. मी बल्बकडे पाहत होते. सहाच्या पुढे कुठे तरी एक बारीक गुणगुण ऐकू आली, डास कानाजवळ आल्यासारखी. बाबूजींचा श्वास थांबला तो मला ऐकू आला. मग ते म्हणाले, “दिवा लागला.” आणि लगेच चाकांचा आवाज.

पहिला चक्कर मी ऐकला. पांढुर्ण्याच्या पाटीपासून तिगावपर्यंत, बोगद्यात शिरताना आवाज बसका व्हायचा, बाहेर आला की मोकळा. आई दारात येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही म्हणजे तिला आवडलं होतं. दुसरा चक्कर. बाबूजी म्हणाले, “काय चालून राहिलं!” त्यांच्या तोंडून मी असं वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या चक्कराला इंजिन बोगद्यात गेलं आणि मी खाली पाहिलं. त्याचा दिवा बोगद्यातून बाहेर येताना कसा दिसतो एवढंच मला पाहायचं होतं. आधी मातीच्या भिंतीवर उजेडाचा एक ठिपका पडला, तो मोठा झाला, मग दोन दिवे बाहेर आले. त्यांच्यामागे लाल इंजिन. खरोखरच सुंदर होतं. बाबूजींचा चेहरा त्या दिव्यांच्या उंचीवर वाकलेला होता.

मग माझी सावली पाटावर पडली. काळी, स्पष्ट. लाल बल्बाच्या उजेडात सावली इतकी स्पष्ट पडत नाही. गल्लीत कोणी तरी ओरडलं, लाइट वाढला. त्या दिवशी शेतीची लाइन चाळीस मिनिटं आधीच बंद झाली होती. मी हात वर नेला, बटण बंद केलं, पण तोवर वास आला होता. लाख जळावी तसा. इंजिन वळणावर थांबलं होतं.

बाबूजींनी ते उचललं, कानाजवळ नेलं, हुंगलं, परत ठेवलं. मला वाटलं आता बोलतील. मी त्यासाठी तयार उभी होते.

“चहा ठेव,” ते म्हणाले.

आई-बाबूजींनी मला त्या विषयावर कधीही एक शब्द विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. मला बरं झालं असं वाटलं, सुटले असं वाटलं. हे लिहायला वाईट वाटतं, पण तसं होतं.

सोमवारी पहाटे मी बससाठी निघत होते तेव्हा बाबूजींनी निळं आंतरराष्ट्रीय पत्र माझ्या हातात दिलं. मी वाचलं. चि. मनोहर यास अनेक आशीर्वाद. इंजिन चालले. तीन चक्कर झाले. सुरुवात उशिरा, तू लिहिल्याप्रमाणेच. आवाज उत्तम. दिवा फार चांगला.

एकही शब्द खोटा नव्हता.

“खाली जागा आहे,” ते म्हणाले. “तुले काही लिहाचं असन तं लिही. मग चिकटवून टाक.”

चार ओळींची जागा होती. बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून, मी त्या चार ओळी लिहिल्या. यंदा ताण छान बसला. आंबिया फुटला, झाडांना पानापेक्षा कळ्या जास्त आहेत. येत्या आठवड्यात सगळं गाव वासानं भरेल. तू असतास तर मजा आली असती. सौंसरला उतरून पत्र डब्यात टाकलं. तिथून शाळेपर्यंत चालत गेले. वाटेत छोट्या लाइनची गाडी शिटी देत गेली. मुलांची चाचणी होती त्या दिवशी, ती घेतली.

इंजिन जळालं हे मी लिहिलं नाही, कारण मग कसं जळालं तेही लिहावं लागलं असतं. डॉक्टर काय म्हणाले ते लिहिलं नाही, कारण तसा शब्द दिला होता. दोन्ही कारणं तेव्हा मला वेगवेगळी वाटली.

फाल्गुनात दादा आला नाही, त्याचं पत्र आलं. जुन्या करंटवर इंजिन चाललं हे वाचून तो फार खूश होता. त्यानं ते ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं, घरी गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरवर, दीडशे व्होल्टच्या लाइनवर, माझ्या वडिलांनी डिजिटल इंजिन चालवलं. पुढे लिहिलं होतं, म्हणजे आता बॉक्सची घाई नाही. यंदा रजेचं कठीण आहे. दिवाळीला येतो, चांगला महिनाभर.

बाबूजींनी घडी घातली. “बरोबर आहे त्याचं,” म्हणाले. “चालून राहिलं म्हटल्यावर घाई कायची?”

त्यानंतर मी त्या खोलीत जाणं टाळलं. शनिवारी यायचे, स्वयंपाकघरात बसायचे, आईशी बोलायचे. पाटावर चादर टाकलेली दिसायची. इंजिन खोक्यात पडलं असेल असं मी धरून चालले. दिवाळीला किती आठवडे उरले हे मी मोजत होते, पण कोणाला सांगत नव्हते.

भाद्रपदात एका गुरुवारी, ड्यूटीवर निघताना, एक मोजा चढवला आणि दुसरा हातात असतानाच बाबूजी खुर्चीतच गेले. मला शाळेत निरोप आला. दादा पोहोचला तो चौथ्या दिवशी. अग्नी चुलतभावानं दिला होता.

तेराव्याचं जेवण उठलं, माणसं गेली, घर झाडून झालं. दुपार होती. दादानं बॅगेतून तो बॉक्स काढला. आमच्यासाठी काही तरी करायला हवं होतं आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पाटावरची चादर त्यानं काढली, रुळांच्या तारा जुन्या ट्रान्सफॉर्मरवरून सोडवून बॉक्सला लावल्या, खोक्यातून लाल इंजिन काढून ठेवलं. मी भिंतीशी उभी होते. आता काय होणार ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

इंजिन चाललं नाही. पण मेलेल्यासारखं गप्पही राहिलं नाही. जागच्या जागी जोरात घरघरलं, गरम झालं. दादानं झटकन उचललं.

“चालत नाही हे,” तो म्हणाला.

“चालते नं,” आई दारातून म्हणाली. “रोज संध्याकाळी चालवत होते ते. तुझ्या त्या डब्यावर नसन चालत.”

मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

दादानं तारा परत जुन्या ट्रान्सफॉर्मरला लावल्या. पावसाळ्याचे दिवस, पंप बंद, लाइट भरपूर. पहिला खटका. त्यानं घुंडीला नुसता हात लावला, एखाद-दोन व्होल्टसुद्धा झाले नसतील, आणि इंजिन निघालं. उभं राहिलं नाही, गुणगुणलं नाही, हुकूम शोधला नाही. लगेच निघालं.

दादानं ते थांबवलं. “पट्टी नाही याच्यात,” तो म्हणाला. खिशातल्या चाकूच्या टोकानं त्यानं वरचं झाकण काढलं. आत मोटर आणि चाकं यांच्यात दोन वायर सरळ जोडल्या होत्या, एक लाल, एक काळी. मेणाच्या दोऱ्यानं टाके घालून बांधलेल्या, सिग्नलच्या पेटीत बांधतात तशा. झाळकाम इतकं स्वच्छ होतं की दादानं त्यावरून बोट फिरवलं.

खोक्याच्या तळाशी, स्पंजाखाली, एक काड्यापेटी होती. तिच्यात नखाएवढी जळकी पट्टी आणि एक चिठ्ठी. दादानं ती मोठ्यानं वाचली. त्याला माहीत नव्हतं की वाचू नये.

बिघाड: इंजिन नं. २. वेळ: १८.५०. कारण: लाइनचे व्होल्टेज वाढले. देखरेख: स्वतः. दुरुस्ती: पट्टी काढली, मोटर थेट रुळास जोडली. इंजिन चालू. खाली त्यांची सही.

पस्तीस वर्षं त्यांनी ते रजिस्टर लिहिलं. त्यात चुकीची नोंद करणारा माणूस त्यांना सहन व्हायचा नाही. एका मेंटेनरनं दुसऱ्याचं नाव वाचवायला स्वतःचं लिहिलं म्हणून बाबूजी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत होती.

“देखरेख माझी होती,” मी म्हटलं. “बल्ब मी पाहून राहिली होती. अन् मी इंजिनाकडे पाहिलं.”

मग डॉक्टरांचंही सांगितलं. ते बाक, त्या चपला, ती परतीची गाडी. एकदाच सगळं. आई तोवर आत निघून गेली होती.

दादानं इंजिनाचं झाकण हातात घेतलं. तो ओरडला नाही. आमच्या घरात ओरडण्याची पद्धतच नव्हती.

“जळालं असं लिहिलं असतं तं मी आलो असतो नं, सुमे,” तो म्हणाला. “बॉक्स घेऊन आलो असतो फाल्गुनात.” आणि झाकण परत बसवता बसवता, “तुझ्या चार ओळी होत्या त्या पत्रात. तू कळ्यांचं लिहिलं होतं.”

आम्ही भांडलो नाही. तो परत गेला, मी सौंसरला लग्न करून राहिले, आई पुढे माझ्याकडे आली आणि माझ्याकडेच गेली. एकदा, तिच्या शेवटच्या वर्षात, मी तिला विचारलं की बाबूजी ते इंजिन चालवत होते हे तू मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, “तू विचारलं काहून नाही?”

दादा आता दर वर्षी या दिवसांत फोन करतो. पडद्यावर त्याचे पांढरे केस दिसतात. विचारतो, “आंबिया फुटला का?” मी त्याला आधी बाकीचं सांगते. कोणत्या झाडांना डिंक्या रोग लागला, कोणती मोटर जळाली, डॉक्टर माझ्या गुडघ्याचं काय म्हणाले, नवऱ्याची शुगर किती. सगळं, आकड्यांसकट. तो ऐकून घेतो. कधी कधी म्हणतो, बस झालं आता, फुलांचं सांग. मग फुलांचं सांगते.

पाट माझ्याकडे आहे, मागच्या खोलीत. पांढुर्ण्याच्या पाटीचा रंग उडाला, तिगावची अजून वाचता येते. बॉक्स दादा इथेच ठेवून गेला, तो त्याच्या वेष्टनात आहे. त्याचा हुकूम वाचणारी पट्टी काड्यापेटीत आहे. इंजिन जुन्याच ट्रान्सफॉर्मरवर चालतं. त्याला सहा व्होल्ट लागत नाहीत, वाट पाहावी लागत नाही, घुंडीला हात लावला की निघतं. मला ते ढिम्म उभं असतानाचे दोन रविवार जास्त आठवतात. बाबूजी मोड्यावर बसलेले, मीटर पुढ्यात, आई येता-जाता टोमणे मारते आहे, काहीच झालेलं नाही आणि फाल्गुन पुढे आहे.

सोमवारी ओलित सुरू झालं त्या संध्याकाळी, कणीक झाकून ठेवून, मी मागच्या खोलीत गेले. वर्षातून एकदा जाते. आता घरांची लाइन वेगळी आहे, पंपांचा घराशी संबंध नाही. छताला एलईडी आहे. व्होल्टेज दीडशे असो की अडीचशे, त्याचा उजेड तसाच राहतो, तिथे पाहण्यासारखं काही नसतं. मी पहिला खटका लावला आणि घुंडी थोडी फिरवली.

तीन चक्कर होऊ दिले. बोगद्यात शिरताना आवाज बसका होतो, बाहेर आला की मोकळा होतो, त्यावरून मोजता येतात. तिन्ही चक्कर मी बल्बकडे पाहत होते.